रसायन-किरणोपचारातील त्वचाप्रतिक्रिया

रसायन-किरणोपचारातील त्वचाप्रतिक्रिया म्हणजे कर्करोगावर रसायनोपचार आणि किरणोपचार एकाच काळात किंवा पाठोपाठ दिले असता किरण पडलेल्या भागातील त्वचेवर उद्भवणारे दाहजन्य बदल होत. त्वचा लाल किंवा काळसर होणे, खाज व आग होणे, कोरडे पापुद्रे निघणे, त्वचा ओलसर होऊन सोलवटणे आणि क्वचित व्रण पडणे ही त्यांची प्रमुख रूपे आहेत. केवळ किरणोपचारानेही असे बदल होतात व त्यांना किरणजन्य त्वचादाह म्हणतात. सोबत रसायनोपचाराची औषधे दिल्यास अनेकदा हा दाह लवकर सुरू होतो, अधिक तीव्र होतो आणि बरा होण्यास जास्त वेळ घेतो.

डोके व मान, गुदद्वार, योनिमुख, स्तन तसेच काखेतील व जांघेतील लसिका ग्रंथी यांच्या उपचारांत या प्रतिक्रिया ठळकपणे आढळतात. बहुतांश रुग्णांमध्ये त्या तात्पुरत्या असतात आणि उपचार संपल्यानंतर काही आठवड्यांत भरून येतात. तथापि वेदना, जंतुसंसर्ग किंवा भीती यांमुळे उपचारात खंड पडल्यास कर्करोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. त्यामुळे त्वचेची निगा हा मूळ उपचार वेळेत पूर्ण होण्यासाठी आवश्यक असलेला भाग मानला जातो.

## संज्ञा

रसायनोपचार आणि किरणोपचार एकाच कालावधीत दिले जातात तेव्हा त्या पद्धतीस रसायन-किरणोपचार किंवा केमोरेडिएशन म्हणतात. रसायनोपचार आधी आणि किरणोपचार नंतर, किंवा याउलट क्रमाने दिल्यास ती क्रमिक पद्धत होय. या दोन पद्धतींतील त्वचाप्रतिक्रिया सारख्या नसतात. एकत्रित उपचारात औषध आणि किरण एकाच वेळी त्वचेच्या पेशींवर परिणाम करतात. क्रमिक उपचारात मात्र पूर्वी किरण पडलेल्या जागी नंतरच्या औषधाने दाह पुन्हा उफाळून येण्याची घटना घडू शकते. तिला *किरणस्मृती प्रतिक्रिया* किंवा रेडिएशन रिकॉल म्हणतात.

मराठी बोलीभाषेत किरणोपचारास 'लाईट देणे' किंवा 'शेक देणे' असे म्हटले जाते. 'शेक' या शब्दामुळे त्वचेवरील दाह हा उष्णतेने भाजल्यामुळे झाला असा समज होतो. प्रत्यक्षात उपचाराच्या वेळी त्वचा तापत नाही. दाहाचे कारण पेशींच्या आत झालेली हानी हे असते. म्हणूनच तो त्याच दिवशी न दिसता काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी प्रकट होतो.

## कारणमीमांसा

### किरणांचा त्वचेवरील परिणाम

त्वचेच्या वरच्या थरास बाह्यत्वचा म्हणतात. तिच्या तळाशी असलेल्या पेशी सतत विभाजित होत असतात. नव्या पेशी हळूहळू वर सरकतात आणि अखेरीस मृत पापुद्र्याच्या रूपाने गळून पडतात. या चक्रास साधारण चार आठवडे लागतात. विभाजित होणाऱ्या पेशी किरणांना विशेष संवेदनशील असतात. किरणांमुळे त्यांच्यातील डीएनएचे धागे तुटतात व पुढील विभाजन थांबते. वरच्या पेशी नेहमीप्रमाणे झडत राहतात, परंतु खालून त्यांची जागा घेणाऱ्या पेशी कमी पडतात. परिणामी बाह्यत्वचा पातळ होत जाते आणि तळथरातील पेशी पुरेशा उरल्या नाहीत तर खालील अंतस्त्वचा उघडी पडते.

याच वेळी रक्तवाहिन्या रुंदावतात, दाहकारक द्रव्ये स्रवतात आणि सूज येते. रंजकपेशी उत्तेजित झाल्याने त्वचा काळवंडते. केसांची मुळे, घर्मग्रंथी व तैलग्रंथी यांनाही इजा होते. त्यामुळे त्या भागातील केस गळतात, घाम कमी येतो आणि त्वचा रुक्ष होते.

### औषधांमुळे होणारी वाढ

एकत्रित उपचारातील अनेक औषधे *किरणसंवेदक* म्हणून काम करतात, म्हणजे ती कर्करोगाच्या पेशींवरील किरणांचा परिणाम वाढवतात. परंतु किरणांच्या मार्गात येणाऱ्या निरोगी पेशींनाही हा परिणाम काही प्रमाणात भोगावा लागतो. त्यामागील प्रमुख प्रक्रिया पुढीलप्रमाणे आहेत:

* डीएनएच्या दुरुस्तीत अडथळा: सिस्प्लॅटिन डीएनएच्या धाग्यांमध्ये बंध निर्माण करते. त्यामुळे किरणांनी झालेली तूट पेशीला भरून काढता येत नाही.
* डीएनए निर्मितीत अडथळा: ५-फ्लुरोयुरॅसिल, त्याचे तोंडाने घ्यावयाचे रूप कॅपेसिटाबिन, तसेच जेमसिटाबिन ही औषधे डीएनएच्या घटकांचा पुरवठा रोखतात.
* पेशीचक्र थांबवणे: पॅक्लिटॅक्सेल व डोसिटॅक्सेल पेशींना विभाजनाच्या टप्प्यावर अडवून ठेवतात. याच टप्प्यावर पेशी किरणांना सर्वाधिक संवेदनशील असते.
* पेशींची भरपाई मंदावणे: बहुतेक रसायनोपचारांमुळे जलद वाढणाऱ्या सर्वच पेशींचे विभाजन मंदावते. त्यामुळे उरलेल्या पेशींकडून होणारी त्वचेची भरपाईही रेंगाळते.
* रोगप्रतिकारशक्ती घटणे: पांढऱ्या रक्तपेशी कमी झाल्याने सोलवटलेल्या त्वचेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

## औषधांनुसार स्वरूप

सिस्प्लॅटिन हे डोके व मान आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचारासोबत सर्वाधिक वापरले जाणारे औषध आहे. डोके व मानेच्या उपचारात त्याचा परिणाम त्वचेपेक्षा तोंड व घशातील नाजूक अस्तरावर अधिक ठळक दिसतो. तरीही मानेवरील दाह केवळ किरणोपचाराच्या तुलनेत वाढू शकतो.

५-फ्लुरोयुरॅसिल आणि मायटोमायसिन-सी यांचा जोड गुदद्वाराच्या कर्करोगात किरणोपचारासोबत दिला जातो. जांघ, गुदद्वाराभोवतीची त्वचा आणि नितंबांमधील घडी येथे ओलावा व घर्षण सतत असल्याने या उपचारात त्वचा सोलवटण्याचे प्रमाण बरेच असते.

सेटुक्सिमॅब हे रूढ अर्थाने रसायनोपचाराचे औषध नसून लक्ष्यित प्रतिपिंड आहे. कर्करोगाच्या पेशींवरील ज्या ग्राहकास ते रोखते, तोच ग्राहक बाह्यत्वचेच्या वाढीसाठीही आवश्यक असतो. त्यामुळे चेहरा, छाती व पाठीवर मुरुमांसारखे पुरळ येते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डोके व मानेच्या कर्करोगाचे ४२४ रुग्ण असलेल्या चाचणीत तीव्र पुरळाचे प्रमाण सेटुक्सिमॅब व किरणोपचार घेणाऱ्या गटात १७ टक्के, तर केवळ किरणोपचार घेणाऱ्या गटात १ टक्का होते. तीव्र किरणजन्य त्वचादाहाचे प्रमाण अनुक्रमे २३ व १८ टक्के होते, मात्र हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

डॉक्सोरुबिसिन आणि त्याच्या वर्गातील औषधे किरणोपचारासोबत सहसा दिली जात नाहीत, कारण त्यामुळे त्वचा व इतर अवयवांवरील दुष्परिणाम वाढतात. स्तनाच्या कर्करोगात ती बहुधा किरणोपचाराच्या आधी पूर्ण केली जातात. मेलॅनोमावरील व्हेमुराफेनिब या लक्ष्यित औषधासोबत किरण दिल्यासही तीव्र त्वचादाह झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून किरणोपचाराच्या काळात अशी औषधे थांबवली जातात.

## जोखमीचे घटक

प्रतिक्रियेची तीव्रता उपचाराशी आणि रुग्णाशी संबंधित अशा दोन्ही प्रकारच्या घटकांवर अवलंबून असते.

उपचाराशी संबंधित घटकांत किरणांची एकूण मात्रा, दररोजची मात्रा, उपचारित क्षेत्राचा आकार आणि यंत्राचा प्रकार यांचा समावेश होतो. उच्च ऊर्जेच्या किरणांची कमाल मात्रा त्वचेवर न पडता तिच्याखाली काही अंतरावर पडते. कोबाल्ट-६० यंत्रात हे अंतर सुमारे अर्धा सेंटिमीटर, तर ६ मेगाव्होल्टच्या रेषीय त्वरकात सुमारे दीड सेंटिमीटर असते. त्यामुळे इतर बाबी समान असता कोबाल्ट यंत्रावर त्वचेला मिळणारी मात्रा अधिक असते. त्वचेला तिरके स्पर्शून जाणारे किरण, चेहरा व मान स्थिर ठेवण्यासाठी वापरला जाणारा प्लास्टिकचा साचा, तसेच त्वचेपर्यंत मुद्दाम मात्रा पोहोचवण्यासाठी ठेवलेला बोलस नावाचा थर यांमुळेही त्वचेवरील मात्रा वाढते.

रुग्णाशी संबंधित घटकांत धूम्रपान, स्थूलता, कुपोषण, स्तनाचा मोठा आकार, त्वचेच्या घड्या आणि स्क्लेरोडर्मासारखे संयोजी ऊतींचे आजार येतात. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुर्मीळ जनुकीय आजारात डीएनएची दुरुस्ती सदोष असल्याने नेहमीच्या मात्रेनेही अतितीव्र प्रतिक्रिया येते.

## लक्षणे आणि कालक्रम

दररोज सुमारे २ ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार दिल्यास प्रतिक्रिया साधारणपणे पुढील क्रमाने उमटते:

* दुसरा ते तिसरा आठवडा: सौम्य लालसरपणा, ऊब, ताण आणि खाज. त्या भागातील केस गळू लागतात.
* तिसरा ते चौथा आठवडा: लालसरपणा किंवा काळसरपणा गडद होतो. त्वचा कोरडी पडून पापुद्रे निघतात.
* चौथा आठवडा व पुढे: एकूण मात्रा सुमारे ४० ग्रेच्या पुढे गेल्यावर काही रुग्णांमध्ये त्वचा ओलसर होऊन सोलवटते, लस पाझरते व वेदना वाढतात. घड्यांच्या जागी हे आधी दिसते.
* उपचार संपल्यानंतर: प्रतिक्रिया लगेच थांबत नाही. ती आणखी एक ते दोन आठवडे वाढून कळस गाठते आणि त्यानंतरच्या दोन ते चार आठवड्यांत बहुधा भरून येते.

शेवटच्या टप्प्याची पूर्वकल्पना नसल्यास, उपचार संपूनही त्वचा बिघडत असल्याचे पाहून रुग्ण व नातेवाईक घाबरून जातात. औषधाच्या वेळापत्रकाचाही या क्रमावर प्रभाव पडतो व एकत्रित उपचारात वरील टप्पे अपेक्षेपेक्षा आधी येऊ शकतात.

## तीव्रतेची श्रेणी

तीव्रता मोजण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची 'सीटीसीएई' ही श्रेणीपद्धती जगभर वापरली जाते. तीनुसार किरणजन्य त्वचादाहाच्या श्रेणी अशा आहेत:

* पहिली श्रेणी: फिकट लालसरपणा किंवा कोरडे पापुद्रे.
* दुसरी श्रेणी: मध्यम ते ठळक लालसरपणा, मध्यम सूज, आणि मुख्यतः घड्यांपुरते मर्यादित असे तुकड्यातुकड्यांतील ओलसर सोलवटणे.
* तिसरी श्रेणी: घड्यांबाहेरही ओलसर सोलवटणे, किरकोळ घर्षणानेही रक्त येणे.
* चौथी श्रेणी: अंतस्त्वचेच्या पूर्ण जाडीचा व्रण किंवा ऊतींचा मृत्यू, आपोआप रक्तस्राव. जिवास धोका.
* पाचवी श्रेणी: मृत्यू.

चौथी व पाचवी श्रेणी दुर्मीळ आहे. याच्याशी मिळतीजुळती 'आरटीओजी' ही श्रेणीपद्धतीही वापरात आहे.

### गडद वर्णाच्या त्वचेतील निदान

वरील श्रेणींचा आधार असलेला 'लालसरपणा' गोऱ्या त्वचेवर सहज दिसतो. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर तो तपकिरी, जांभळट किंवा गडद काळ्या छटेत लपतो. त्यामुळे भारतीय, आफ्रिकी व इतर गडद वर्णाच्या रुग्णांमध्ये सुरुवातीच्या दाहाचे मोजमाप प्रत्यक्षापेक्षा कमी होण्याचा संभव असतो. अशा त्वचेत स्पर्शाला जाणवणारी ऊब, सूज, ताण, खाज, वेदना आणि बाजूच्या निरोगी त्वचेशी केलेली तुलना ही लक्षणे अधिक विश्वसनीय ठरतात. काळवंडलेली त्वचा 'जळाली' असा अर्थ अनेकदा लावला जातो. परंतु काळेपणा हा बहुतांशी रंजकपेशींचा प्रतिसाद असतो व तो काही महिन्यांत फिकट होत जातो.

## किरणस्मृती प्रतिक्रिया

किरणोपचार संपून त्वचा पूर्ण बरी झाल्यानंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी किंवा क्वचित वर्षांनी एखादे औषध दिल्यास नेमक्या जुन्या किरणक्षेत्रात दाह उफाळतो. त्याच्या कडा अनेकदा किरणक्षेत्राच्या सीमेशी तंतोतंत जुळतात. डॉक्सोरुबिसिन, डोसिटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल, जेमसिटाबिन, कॅपेसिटाबिन आणि मेथोट्रेक्सेट या औषधांमुळे तो झाल्याच्या नोंदी आहेत. टॅमॉक्सिफेन, काही प्रतिजैविके व इतर औषधांनंतरही अशी उदाहरणे आढळली आहेत.

या घटनेचे निश्चित कारण सिद्ध झालेले नाही. किरण पडलेल्या जागेतील मूलपेशींमध्ये राहिलेली कायमची उणीव, रक्तवाहिन्यांतील बदल आणि औषधाला मिळणारा स्थानिक अतिसंवेदनशील प्रतिसाद अशी स्पष्टीकरणे मांडली गेली आहेत. उपचारात संबंधित औषध तूर्त थांबवणे, स्टेरॉइड मलम किंवा आवश्यकतेनुसार पोटातून स्टेरॉइड देणे यांचा समावेश होतो. तेच औषध पुन्हा दिल्यावर प्रतिक्रिया दरवेळी परत येतेच असे नाही. त्यामुळे औषध कायमचे बंद करण्याचा निर्णय रुग्णागणिक घेतला जातो. छाती, काख किंवा मानेवरील अशा दाहास जंतुसंसर्ग समजण्याची चूक होऊ शकते. म्हणून पूर्वी घेतलेल्या किरणोपचाराची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत असणे महत्त्वाचे असते.

## इतर त्वचाविकारांपासून भेद

एकत्रित उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या त्वचेवरील प्रत्येक बदल किरणजन्य नसतो. किरणजन्य दाह किरणक्षेत्रापुरता मर्यादित राहतो, ही त्याची मुख्य खूण होय. कॅपेसिटाबिन किंवा डोसिटॅक्सेलमुळे तळहात व तळपायांना होणारा हात-पाय विकार, सेटुक्सिमॅबमुळे येणारे मुरुमांसारखे पुरळ आणि औषधाची सर्वांगावर उमटणारी ॲलर्जी ही किरणक्षेत्राबाहेरही दिसते. मलम, पट्टी किंवा चिकटपट्टीमुळे होणारा स्पर्शजन्य त्वचादाह त्या वस्तूच्या आकाराचा असतो. किरणक्षेत्रात पाण्याचे बारीक फोड आणि ठणका असल्यास नागिणीचा, तर घड्यांमध्ये पांढरट थर व खाज असल्यास बुरशीचा विचार केला जातो. ताप, पू, दुर्गंधी किंवा वेगाने पसरणारी सूज ही जंतुसंसर्गाची लक्षणे असून, पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रुग्णात त्यांवर तातडीने उपचार आवश्यक असतात.

## प्रतिबंध

पूर्वी किरणोपचाराच्या काळात त्या भागाला पाणी लावू नये असा सल्ला सर्रास दिला जात असे. नियंत्रित अभ्यासांत मात्र कोमट पाणी व सौम्य साबणाने हळुवार धुण्यामुळे दाह वाढत नाही, उलट काही लक्षणे कमी होतात, असे दिसून आले. त्यामुळे सध्याच्या मार्गदर्शक सूचनांत नियमित हळुवार धुणे आणि टिपून कोरडे करणे यांची शिफारस केली जाते. उपचाराची जागा दाखवण्यासाठी त्वचेवर शाईच्या खुणा केलेल्या असल्यास त्या पुसल्या जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

घर्षण टाळणे हा प्रतिबंधाचा दुसरा महत्त्वाचा भाग आहे. मानेवर उपचार चालू असताना ताठ कॉलर, गळ्यातील साखळी किंवा मंगळसूत्र, तर छातीवर उपचार चालू असताना घट्ट अंतर्वस्त्रे यांमुळे त्वचा लवकर सोलवटते. सैल सुती कपडे, उन्हापासून संरक्षण, वस्तऱ्याऐवजी विजेवर चालणारे दाढीयंत्र आणि धूम्रपान व तंबाखू बंद करणे यांचा सल्ला दिला जातो.

औषधी उपायांपैकी मोमेटासोन किंवा बीटामेथासोन यांसारख्या स्टेरॉइड मलमांस चांगला आधार मिळालेला आहे, मात्र तो मुख्यतः स्तनाच्या कर्करोगातील चाचण्यांचा आहे. डोके व मानेच्या रसायन-किरणोपचारात जपानमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइड मलमामुळे दुसऱ्या व त्यापुढील श्रेणीच्या दाहाचे एकूण प्रमाण घटले नाही, परंतु तिसऱ्या व त्यापुढील श्रेणीचा दाह कमी आढळला. स्तनाच्या कर्करोगात त्वचेवर चिकटणारे पातळ सिलिकॉनचे आवरण आणि कमी शक्तीचा प्रकाशोपचार यांचीही शिफारस २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. त्याच वर्षी न्यू यॉर्कमधून प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नाकातील व त्वचेवरील जंतू आधीच कमी केल्याने तीव्र दाह घटल्याचे आढळले.

### घरगुती उपाय

भारतात कोरफड, खोबरेल तेल, तूप आणि हळद लावण्याची प्रथा आहे. कोरफडीचा अनेक चाचण्यांत ठोस फायदा दिसून आलेला नाही. मंगळूर येथे डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या एका छोट्या प्राथमिक अभ्यासात हळद व चंदन तेलयुक्त मलमाने दाह कमी झाल्याचे २०१४ मध्ये नोंदवले गेले. याउलट अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या ६८६ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत पोटातून घेतलेल्या कर्क्युमिनचा त्वचादाहावर उपयोग झाला नाही.

उपचाराच्या अगदी आधी लावलेला मलमाचा पातळ थर त्वचेवरील मात्रा विशेष वाढवत नाही, परंतु तीन मिलिमीटर वा त्याहून जाड थर बोलसप्रमाणे काम करून मात्रा वाढवतो, असे मोजमापांतून आढळले आहे. सोलवटलेल्या त्वचेवर हळद, राख किंवा पाल्याचा लेप लावल्यास जखम दूषित होण्याचा धोका असतो.

## उपचार

कोरड्या पापुद्र्यांसाठी सुगंधविरहित स्निग्ध मलम आणि खाजेसाठी स्टेरॉइड मलम वापरले जाते. ओलसर सोलवटण्यात जखम सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने धुऊन तिच्यावर न चिकटणारी पट्टी बांधली जाते. जखमेत योग्य प्रमाणात ओलावा राखल्यास नव्या पेशी लवकर पसरतात. म्हणून जखम उघडी टाकून वाळवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. संसर्गाची चिन्हे असल्यास तपासणीसाठी नमुना घेऊन प्रतिजैविके दिली जातात. सेटुक्सिमॅबच्या पुरळावर डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन गटातील औषधे उपयोगी पडतात. पुरेशी वेदनाशामके आणि प्रथिनयुक्त आहार हेही उपचाराचे अंग आहे, कारण तोंड आल्यामुळे खाणे घटलेल्या रुग्णात त्वचा भरून येण्यास विलंब लागतो.

चौथ्या श्रेणीच्या प्रतिक्रियेत उपचार थांबवून शल्यचिकित्सक व त्वचारोगतज्ज्ञ यांची मदत घ्यावी लागते.

## उपचारातील खंडाचे परिणाम

किरणोपचार चालू असताना कर्करोगाच्या उरलेल्या पेशी, विशेषतः डोके व मानेच्या कर्करोगात, काही आठवड्यांनंतर अधिक वेगाने वाढू लागतात. त्यामुळे ठरलेल्या कालावधीपेक्षा उपचार लांबल्यास दिलेल्या मात्रेचा काही भाग ही वाढ भरून काढण्यातच खर्ची पडतो. डोके व मानेच्या कर्करोगात उपचार एका दिवसाने लांबल्यास स्थानिक नियंत्रण सरासरी एक टक्क्याहून किंचित अधिक घटते, असा अंदाज विविध अभ्यासांच्या आधारे केला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही संपूर्ण किरणोपचार आठ आठवड्यांच्या आत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट असते.

या कारणास्तव पहिल्या व दुसऱ्या श्रेणीच्या दाहात उपचार चालू ठेवले जातात आणि तिसऱ्या श्रेणीतही शक्य तोवर निगा वाढवून ते पूर्ण करण्याचा प्रयत्न होतो. आवश्यक वाटल्यास रसायनोपचाराचा पुढील डोस पुढे ढकलला जातो, कमी केला जातो किंवा गाळला जातो. त्वचा काळवंडल्याचे पाहून रुग्णाने परस्पर उपचार सोडल्यास झालेला दाह तर भोगावा लागतोच, परंतु ज्यासाठी तो सोसला त्या उपचाराचा लाभही गमावला जातो. त्वचेत होणाऱ्या बदलांची व ते केव्हा ओसरतील याची माहिती सुरुवातीलाच देणे हा त्यावरील साधा व प्रभावी उपाय होय.

## दूरगामी परिणाम

उपचारानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्वचा पातळ होणे, रंग कमी-अधिक होणे, बारीक रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसणे आणि त्वचेखालील ऊती घट्ट होणे असे बदल उद्भवू शकतात. ऊती घट्ट झाल्याने मान वळवणे किंवा खांदा उचलणे कठीण होते. नियमित व्यायाम व भौतिकोपचार त्यासाठी उपयोगी ठरतात. किरण पडलेल्या त्वचेवरील जखमा सावकाश भरतात, म्हणून त्या भागावरील नंतरच्या शस्त्रक्रियांचे नियोजन काळजीपूर्वक केले जाते. तीव्र दाह झालेल्या प्रत्येक रुग्णाला दूरगामी त्रास होतोच असे नाही. तसेच सुरुवातीला विशेष दाह न झालेल्या रुग्णालाही तो होऊ शकतो.

## इतिहास

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर काही महिन्यांतच ते हाताळणाऱ्यांच्या त्वचेवर दाह झाल्याचे वृत्तांत आले. थॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांच्या हातांवर गंभीर व्रण होऊन पुढे कर्करोग झाला व १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९०१ मध्ये आंरी बेक्वेरेल यांना खिशातील रेडियममुळे त्वचेवर दाह झाला. पिएर क्युरी यांनी स्वतःच्या दंडावर रेडियमचा परिणाम तपासून पाहिला. या निरीक्षणांतूनच किरणांचा उपचारासाठी वापर करण्यास चालना मिळाली. १९२८ मध्ये राँटगेन हे एकक आंतरराष्ट्रीय स्तरावर स्वीकारले जाण्यापूर्वी त्वचा लाल होण्यास लागणारी मात्रा हेच किरणोपचाराचे व्यावहारिक माप होते.

१९५९ मध्ये जुलिओ डॅन्जिओ व सहकाऱ्यांनी ॲक्टिनोमायसिन-डी या औषधामुळे क्ष-किरणांचा परिणाम वाढतो व पूर्वी किरण पडलेल्या जागी दाह पुन्हा उफाळतो, असे नोंदवले. किरणस्मृतीचे हे पहिले वर्णन मानले जाते. १९७४ मध्ये डेट्रॉइट येथील नॉर्मन नायग्रो यांनी गुदद्वाराच्या कर्करोगाच्या तीन रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी दिलेल्या एकत्रित उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या उपचारामुळे पुढे बहुतेक रुग्णांची कायमस्वरूपी गुदद्वार काढण्याची शस्त्रक्रिया टळू लागली, मात्र त्यासोबत तीव्र त्वचादाहाचा प्रश्न उभा राहिला. किरणांची तीव्रता नियंत्रित करणाऱ्या आयएमआरटी तंत्राने तो बराच सौम्य केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात या तंत्रामुळे तिसऱ्या व त्यापुढील श्रेणीच्या त्वचादाहाचे प्रमाण २३ टक्के आढळले, तर जुन्या तंत्राने झालेल्या आधीच्या चाचणीत ते ४९ टक्के होते.

## भारतातील स्थिती

तंबाखूच्या व्यापक सेवनामुळे भारतात तोंड व घशाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे आणि स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोगही बराच आढळतो. या दोन्हींच्या पुढील अवस्थांत रसायन-किरणोपचार हा प्रमुख उपचार असल्याने त्याचे त्वचेवरील परिणाम भारतीय रुग्णालयांत नित्य दिसतात.

मुंबईतील परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात या उपचारांवर महत्त्वाच्या चाचण्या झाल्या आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गर्भाशयमुखाच्या तिसऱ्या अवस्थेतील कर्करोगाच्या ८५० स्त्रियांवरील चाचणीत सिस्प्लॅटिनची जोड दिल्याने पाच वर्षांनंतर रोगमुक्त असण्याचे प्रमाण ४३.८ वरून ५२.३ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी डोके व मानेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवरील चाचणीत सिस्प्लॅटिन दर तीन आठवड्यांनी मोठ्या मात्रेत दिलेल्या गटात दोन वर्षांचे स्थानिक नियंत्रण ७३.१ टक्के, तर दर आठवड्याला कमी मात्रेत दिलेल्या गटात ५८.५ टक्के आढळले. मात्र तीव्र दुष्परिणामांचे एकूण प्रमाणही पहिल्या गटात अधिक, म्हणजे ८४.६ विरुद्ध ७१.६ टक्के होते. सिस्प्लॅटिन सोसू न शकणाऱ्या रुग्णांसाठी डोसिटॅक्सेलची जोड उपयुक्त ठरते, असे २०२३ मध्ये याच संस्थेतून प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. अधिक परिणामकारक उपचारासोबत अधिक दुष्परिणाम येतात आणि ते सांभाळण्याची व्यवस्था असेल तरच त्याचा पूर्ण लाभ मिळतो, ही बाब या निष्कर्षांतून स्पष्ट होते.

भारतात रेषीय त्वरकांसोबत कोबाल्ट यंत्रेही वापरात असून भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले भाभाट्रॉन हे त्यांपैकी एक आहे. उष्ण व दमट हवामान, घाम, आणि उपचारासाठी घरापासून दूर अनेक आठवडे राहावे लागल्याने येणाऱ्या अडचणी यांमुळे त्वचेची निगा राखणे अनेकांना कठीण जाते. प्रतिक्रियेचा कळस उपचार संपल्यानंतर येत असल्याने, गावी परतलेल्या रुग्णाला तो टप्पा रुग्णालयापासून दूर असताना सोसावा लागतो. त्यासाठी घरी परतण्यापूर्वी पट्टी बांधण्याची पद्धत शिकवणे आणि संपर्काची सोय ठेवणे आवश्यक मानले जाते.

## हेही पाहा

* किरणोपचार
* रसायनोपचार
* सिस्प्लॅटिन
* तोंडाचा कर्करोग
* गर्भाशयमुखाचा कर्करोग
* टाटा स्मारक रुग्णालय